गाढव एक की दोन? पवित्र शास्त्रातील काव्य आणि ख्रिस्ती सिद्धान्त

जालनेकर (धागाकर्ता)

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशूच्या यरुशलेम-प्रवेशाच्या स्मरणदिनी, उपासनेनंतर आमच्याकडे बायबल अभ्यासाचा वर्ग भरतो. यंदा त्या वर्गात अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले की, मार्क, लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, येशू एकाच जनावरावर बसून यरुशलेमेत येतो, मग मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरे कोठून आली? वर्गातून लगेच दोन उत्तरे आली. एकाचे म्हणणे असे की, ज्या शिंगरावर तोवर कोणी बसलेले नव्हते ते आईवाचून चालले नसते, म्हणून गाढवीही बरोबर आणली गेली. दुसऱ्याने सांगितले, “ते नुसते काव्य आहे, एवढ्या खोलात जाऊ नये.” पहिले उत्तर पटो वा न पटो, ते विचार करून दिलेले होते. दुसऱ्या उत्तराचा प्रतिवाद करावा म्हणून हा धागा काढत आहे.

मत्तय ज्या वचनाचा आधार घेतो ते जखऱ्याच्या नवव्या अध्यायातील नववे वचन आहे. तेथे राजा गाढवावर, म्हणजे गाढवीच्या शिंगरावर बसून येतो असे दोन ओळींत म्हटले आहे. इब्री (हिब्रू) काव्याची ही नेहमीची रीत आहे. पहिल्या ओळीत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या ओळीत पुन्हा, थोडी पुढे सरकवून सांगायची. कीर्तनात बुवांनी चरण म्हटला की टाळकरी तोच उचलून धरतात, तसे येथेही घडते; फरक इतकाच की येथे उचलून धरणारी ओळ आपली काही तरी भर घालते. या रचनेला समांतरता म्हणतात आणि तिचे पहिले पद्धतशीर विवेचन रॉबर्ट लाउथ या इंग्रज विद्वानाने १७५३ साली छापलेल्या लॅटिन व्याख्यानांत केले. त्या दृष्टीने पाहिले तर जखऱ्याच्या डोळ्यांसमोर जनावर एकच आहे.

मग मत्तयाला काव्य कळले नाही काय? टीकाकार तसे म्हणतात खरे, परंतु मला ते मान्य नाही. लहानपणापासून स्तोत्रे कानावर पडलेल्या यहुदी लेखकाला आपल्याच शास्त्राची चाल कळली नाही, हे संभवत नाही. त्याची वाचण्याची तऱ्हा अशी की शास्त्रातील प्रत्येक ओळीला स्वतःचे वजन असते आणि कोणतीही ओळ फुकट जात नाही. योहानही एकोणिसाव्या अध्यायात हेच करतो. बाविसाव्या स्तोत्रात वस्त्रे वाटून घेण्याची आणि पेहरावावर चिठ्ठ्या टाकण्याची गोष्ट दोन समांतर ओळींत आली आहे. योहानाच्या कथनात शिपाई बाहेरच्या वस्त्रांचे चार वाटे करतात आणि बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी वेगळ्या चिठ्ठ्या टाकतात. शुभवर्तमानकार काव्य मोडीत काढत नाहीत, ते त्यातील शेवटचा थेंबही पिळून घेतात.

जुन्या कराराचा साधारण एक तृतीयांश भाग पद्यात आहे. स्तोत्रे, नीतिसूत्रे, गीतरत्न हे प्रेमकाव्य, विलापगीत, ईयोबाचा मधला सगळा संवाद आणि यशयापासूनच्या संदेष्ट्यांचा मोठा भाग त्यात येतो. काव्य म्हणजे वर चढवलेला साज असेल, तर देवाने आपल्या वचनाचा एवढा मोठा हिस्सा साजात का खर्च केला, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

विलापगीताचे उदाहरण घेऊ. यरुशलेम बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने उद्ध्वस्त केल्यानंतरची ही पाच गीते आहेत. इब्री वर्णमाला बावीस अक्षरांची. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गीतात बावीस कडवी असून प्रत्येक कडवे वर्णमालेतील पुढच्या अक्षराने सुरू होते. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून सहासष्ट वचने. पाचव्या गीतातही बावीसच वचने आहेत, पण तेथे अक्षरांचा क्रम पाळलेला नाही. चार अध्याय शोकाला वर्णमालेत बांधून ठेवणारा कवी पाचव्यात ती बांधणी सोडून देतो आणि पुस्तक देवाला विचारलेल्या, उत्तर न मिळालेल्या प्रश्नापाशी थांबते. देव आपल्याला विसरला आहे काय, या प्रश्नाचे ईश्वरविज्ञान त्या मोडलेल्या क्रमात आहे आणि ते गद्यात सारांश काढून सांगता येत नाही. ज्याला हे ‘नुसते’ वाटते त्याने तो सारांश एकदा लिहून पाहावा.

जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलेल्या बेथेलच्या परिसरात आमच्या मागच्या पिढ्या वाढल्या. त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळख होण्याआधी गीते पाठ होती, म्हणजे सिद्धान्त त्यांच्यापर्यंत चालीवरच पोहोचला. म्हणून विचारतो : काव्य हे सिद्धान्ताचे वाहन आहे, की सिद्धान्ताचा उगमच तेथे आहे? जाणकारांनी लिहावे.

गोदातीर

मी पैठणचा, घर वारकऱ्यांचे. बायबल साहित्य म्हणून वाचतो. त्यामुळे चुकत असल्यास सांगावे.

आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे, किंबहुना फारसा नाहीच. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे, म्हणजे शास्त्रग्रंथ आहे, आणि तरीही ती ओवीत आहे. तिच्यातील दृष्टान्त बाजूला काढून तत्त्वज्ञान वेगळे करायला गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. एकनाथांनी १५८४ साली येथे पैठणात तिची पाठशुद्धी केली ती शास्त्रग्रंथाला साजेल अशा काटेकोरपणे.

योगायोग असा की त्याच सुमारास, १५७९ साली, फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू गोव्यात उतरला होता. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, पुराणाची धाटणी आणि आरंभी मराठीची ती प्रसिद्ध स्तुती. नाथांचा आणि त्याचा संबंध होता असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. मला एवढेच दिसते की नव्या ख्रिस्ती लोकांना बायबलची कथा सांगायची वेळ आली तेव्हा त्याने प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेवर भागवले नाही, ओवी हाती घेतली. तुमच्याकडे ईश्वरविज्ञान आणि काव्य यांचे दोन वाडे कधी झाले, हे समजून घ्यायला आवडेल.

साधा_विश्वासणारा

मी अंबड तालुक्यातील एका लहान मंडळीत वचन सांगतो. धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु मला यात धोका दिसतो. आज गाढव काव्य आहे म्हणाल, उद्या उत्पत्तीचे सहा दिवस काव्य होतील आणि परवा कोणी पुनरुत्थानही काव्यच म्हणेल. माझ्या मंडळीतील माणसे ऊसतोडीला जातात, सहा-सहा महिने परमुलखात राहतात. “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे” हे त्यांना अक्षरशः खरे वाटते म्हणून ती टिकून आहेत. त्यांना जाऊन हे रूपक आहे असे सांगायचे काय?

जालनेकर

दादा, आपला प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. गोदातीर यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

‘अक्षरशः खरे’ आणि ‘रूपक’ ही परस्परविरोधी टोके आहेत असे आपण धरून चालतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती ईश्वरविज्ञान्याने आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथाच्या अगदी पहिल्या प्रकरणात हा प्रश्न घेतला आहे. शास्त्राने रूपके वापरावीत काय, अशी शंका तो मांडतो, कारण कविता ही सर्व विद्यांत खालच्या पायरीची, असे त्या काळच्या पंडितांचे मत होते. त्याचे उत्तर असे की, माणूस इंद्रियांच्या द्वारेच समजून घेतो, म्हणून देवाने दृश्य वस्तूंतून बोलणे योग्यच आहे. पुढे तो म्हणतो की शास्त्रात देवाचा ‘हात’ येतो तेव्हा त्या वाक्याचा शब्दार्थच मुळी ‘कृती करण्याचे सामर्थ्य’ असा आहे. रूपकाने जे सांगायचे तोच त्या वाक्याचा सरळ अर्थ होय. तेव्हा आपल्या मंडळीला मेंढपाळाचे वचन अक्षरशः खरे वाटते यात काहीही वावगे नाही. देवाच्या हातात काठी आणि घोंगडी आहे असे त्यांच्यापैकी कोणीही समजत नाही. देव आपल्याला राखतो असे ते समजतात आणि शब्दार्थ तोच आहे.

याच ठिकाणी अक्वायनस आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो, जी त्याने डायोनिसियस या जुन्या लेखकाकडून घेतली आहे. देवासाठी उदात्त प्रतिमांपेक्षा साध्या, ओबडधोबड प्रतिमा अधिक सुरक्षित असतात. देवाला खडक किंवा सिंह म्हटले तर देव खरोखरच दगड आहे अशी कोणाची समजूत होणार नाही. उलट भव्य, तेजस्वी प्रतिमा वापरली तर देव तसाच आहे असे वाटून माणूस तेथेच थांबण्याची भीती असते. स्तोत्रकर्त्यांनी खडक, गड, ढाल, पंख असे शब्द एवढ्या मोकळेपणाने का वापरले असावेत, हे मला हे वाचल्यावर उमगले.

पुनरुत्थानाबद्दल आपली भीती रास्त आहे, पण तिचे उत्तर शास्त्रातील काव्य नाकारण्यात नाही. काव्य कोठे आहे आणि कोठे नाही हे ओळखता आले पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल साक्षीदार मोजून दाखवतो : केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि शेवटी तो स्वतः, आणि त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही सांगतो. ही साक्षीची भाषा आहे, तिला कोणी काव्य म्हणू लागला तर तो वाचनात कच्चा आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल होशेयाच्या ओळी घेऊन मरणाला “तुझी नांगी कोठे?” असे हिणवतो, ते मात्र काव्य आहे. एकाच अध्यायात दोन्ही आहेत आणि साक्षीवाचून ते हिणवणे पोकळ ठरले असते. उत्पत्तीच्या दिवसांविषयी एवढेच म्हणतो की ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती आचार्याने त्या अध्यायाच्या शब्दार्थावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात ते दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे मानले नाहीत. आधुनिक विज्ञानाच्या दबावाने त्याने तसे केले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

वाडे कधी वेगळे झाले? विद्यापीठे आली तेव्हा अंतर वाढले असे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तरी खुद्द अक्वायनसच्या नावावर प्रभुभोजनाची जी लॅटिन गीते परंपरेने चालत आली आहेत, ती आजही गायली जातात.

वैजापूरची_ताई

आमच्याकडे, कॅथलिक परंपरेत, स्तोत्रे वाचण्यापेक्षा अधिक प्रार्थिली जातात. त्यामुळे खरी अडचण गाढवापाशी येत नाही, ती एकशे सदतिसाव्या स्तोत्रापाशी येते. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे ते सुंदर गीत शेवटच्या वचनात शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणते. त्या ओळी तोंडाने म्हणायच्या कशा?

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर १९७१ पासून आलेल्या नव्या दैनिक प्रार्थनाविधीत या प्रश्नावर एक निर्णय झाला. ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळली गेली आणि इतर काही स्तोत्रांतील शापाची वचने गाळली गेली. माझे वैयक्तिक मत याच्या विरुद्ध आहे. कविता अर्धी कापली की तिचा अर्थही अर्धा राहत नाही, तो बदलतो. ज्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःची मुले मारली गेली त्या माणसांचा तो आक्रोश आहे आणि तो देवापुढे केलेला आहे. सूड उगवण्याचा आदेश त्यात कोठेही नाही. मराठवाड्यात ज्या समाजातून आपल्यापैकी बहुतेक जण आले, त्याला अत्याचाराविरुद्ध तोंड उघडण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या कोठे मिळत होती? शास्त्राने ती जागा प्रार्थनेत करून दिली आहे. ती ओळ आज्ञा म्हणून वाचणे पाप ठरेल, पण ती कविता आहे एवढ्यावरून गाळून टाकणे हाही पळपुटेपणाच आहे.

चिकित्सक

सर्वजण काव्याची बाजू घेत आहेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. चौथ्या शतकात ख्रिस्ताचे देवपण नाकारणाऱ्या आरियसने आपले मत ‘थालिया’ नावाच्या पद्यरचनेतून मांडले होते. तिचे तुकडे आज आपल्याला मिळतात ते मुख्यतः त्याचा विरोधक अथनेशियस याच्या ग्रंथांतून. तेव्हा ओठांवर रुळणारे गीत खरे असतेच असे नाही. आपल्याकडील कित्येक आधुनिक भक्तिगीतांतील शब्द तपासले तर त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एका देवाचा, पत्ता लागत नाही. कवीला मोकळे सोडून चालत नाही, मतांगीकार, म्हणजे मंडळीने ठरवलेले श्रद्धेचे निश्चित शब्द, लागतोच.

जालनेकर

चिकित्सक सरांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यांनी काढलेले उदाहरण या धाग्याच्या मुळाशी नेणारे आहे. त्या वादात दोन्ही पक्ष ज्या वचनाभोवती फिरत राहिले ते नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातील बाविसावे वचन एका कवितेतील आहे. तेथे ज्ञान स्त्रीच्या रूपात उभे राहून स्वतःविषयी बोलते, आणि त्या काळच्या ग्रीक पाठात ती म्हणते की परमेश्वराने आपल्या मार्गाच्या आरंभी मला निर्माण केले. ज्ञान म्हणजे ख्रिस्त हे दोन्ही पक्षांना मान्य होते. म्हणून आरियसचा पक्ष म्हणे, पाहा, पुत्र निर्मिलेला आहे. अथनेशियसने आरियनांविरुद्धच्या आपल्या दुसऱ्या व्याख्यानात याचे उत्तर देताना फार पाने खर्च केली आहेत आणि त्याचा एक महत्त्वाचा मुद्दा असा की, हे सूत्रवचन आहे, सूत्रवचने आडपडद्याने बोलतात, म्हणून त्यातील प्रत्येक शब्द उघड विधान म्हणून वाचता येणार नाही. म्हणजे ख्रिस्ताच्या देवत्वाचा पक्ष ज्याने राखला, त्याने तो अंशतः कविता कविता म्हणून वाचण्याच्या हट्टावर राखला. कवितेला सपाट विधान करून वाचणारा पक्ष पाखंडी ठरला.

दुसऱ्या बाजूने, ज्या मतांगीकाराचा सर उल्लेख करतात त्याकडे पाहा. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या धर्माध्यक्षांच्या सभेने पुत्राविषयी तत्त्वज्ञानातील कठीण पद वापरले खरे, पण त्याच दमात “प्रकाशापासून प्रकाश” हेही म्हटले. ती प्रतिमा आहे. सूर्य आणि त्याचे तेज वेगळे करता येत नाही, ही गोष्ट त्या मोजक्या शब्दांत जशी कळते तशी व्याख्येतून कळत नाही. आणि व्याख्या नसती तर ती प्रतिमा कोणीही आपल्याला हवी तशी ओढली असती. काव्य सिद्धान्ताचे वाहन की उगम, असे मी आरंभी विचारले होते. आता मला वाटते की उगम काव्यात आहे आणि सिद्धान्त हा त्या काव्याच्या वाचनावर बसवलेला राखणदार आहे. राखणदाराने मळ्यात पीक काढू नये आणि मळ्यानेही राखणदाराला हाकलू नये.

गोदातीर

मग टिळकांचे काय म्हणाल? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहेच. त्यांनी अभंगाचा छंद घेतला, ख्रिस्ताला आईच्या आणि गुरूच्या नात्याने आळवले, आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. माझ्यासारख्या वारकऱ्याच्या कानावर ‘माउली’ हा शब्द पडला की आळंदी डोळ्यांसमोर येते. हा भार घेऊन शब्द तुमच्या उपासनेत येतो तेव्हा तुमचा राखणदार काय करतो?

साधा_विश्वासणारा

हाच प्रश्न माझाही आहे. गीते आम्ही गातो, डोळ्यांत पाणी येते. तरी ख्रिस्ताला आई म्हणणे शास्त्राला धरून आहे काय?

जालनेकर

शास्त्राला धरून आहे, मर्यादेसह. यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात देव स्वतः म्हणतो की आई सांत्वन करते तसे मी तुमचे सांत्वन करीन. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःला लावतो. अकराव्या शतकातील अॅन्सेल्मने आणि चौदाव्या शतकातील इंग्लंडमधील ज्युलियन ऑफ नॉर्विच या साधक स्त्रीने ख्रिस्ताला उघडपणे आई म्हटले आहे. तेव्हा टिळकांनी आणले ते परके नव्हते. मर्यादा अशी की बाप्तिस्मा आपण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने देतो, कारण ते नाव प्रभूने दिलेले आहे. ते बदलण्याचा अधिकार कवीला नाही. गीतात माउली जरूर म्हणावे, बाप्तिस्म्याचे शब्द होते तसे राहू द्यावेत.

शब्दाबरोबर येणाऱ्या भाराविषयी गोदातीर यांनी विचारले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्समध्ये “आपण त्याचाच वंश आहो” ही ग्रीक कवीची ओळ उद्धृत करतो. ती अराटसच्या काव्यातील आहे आणि तेथे ती झ्यूस या देवाविषयी आहे. पौलाने ती घेतली, तिचा रोख वळवला आणि ती पवित्र शास्त्रात कायमची बसली. ऐकणाऱ्यांच्या मनात झ्यूस आला नसेल असे कोण म्हणेल? काहींनी थट्टा केली, काहींनी विश्वास ठेवला. टिळकांनी पत्करलेला धोका याच जातीचा होता.

चौथ्या शतकातील सिरियाचा कवी-ईश्वरविज्ञानी संत एफ्रेम याचा एक दृष्टान्त येथे आठवतो. पोपटाला बोलायला शिकवणारा माणूस आरशामागे लपतो. पोपट आरशात आपलेच रूप पाहतो, दुसरा पोपट बोलतो आहे असे समजतो आणि शिकतो. एफ्रेमच्या मते देवाने आपल्यासाठी असेच केले, आपल्या शब्दांचा पेहराव चढवून तो आपल्याशी बोलला. गीतरत्नाविषयी लिहायचे राहिले. संत बर्नार्डने त्यावर शहाऐंशी प्रवचने केली आणि तरी तो तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच होता, एवढ्यावरून त्या पुस्तकाचा वेगळा धागा व्हावा असे वाटते.

गोदातीर

जरूर काढा. ज्ञानदेवांच्या विरहिणी ज्याने वाचल्या आहेत त्याला गीतरत्न परके वाटत नाही, मी लिहीन.

वैजापूरची_ताई

एक मुद्दा शुभ शुक्रवारच्या निमित्ताने. वधस्तंभावर येशू बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारतो, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” अनेक उपदेशक घाईने सांगतात की हे स्तोत्र पुढे स्तुतीत संपते, म्हणून येशूच्या मनात स्तुतीच होती. स्तोत्र तसे संपते, हे खरे आहे. परंतु मार्क आणि मत्तय यांनी पहिलीच ओळ लिहिली आहे, आणि लूकाने ती न घेता एकतिसाव्या स्तोत्रातील “मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो” ही ओळ घेतली आहे. त्या घटकेला देवाचा पुत्र स्वतःचे नवे शब्द शोधत नाही, लहानपणी पाठ केलेली कविता म्हणतो. मार्काला शेवटची ओळ हवी असती तर त्याने ती दिली असती. यंदा आमच्या गावच्या उपासनेत पहिल्या ओळीनंतर थोडा वेळ कोणीही काही बोलू नये आणि पूर्ण स्तोत्र रविवारी पहाटे म्हणावे, असे मी फादरांना सुचवले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.